बूच जागेवर आहे

दर रविवारी सकाळी आठ वाजता आमच्या कॉलनीत होडीची तपासणी असते. कॉलनी सिडकोत आहे, सिडको छत्रपती संभाजीनगरात आहे आणि छत्रपती संभाजीनगर समुद्रापासून इतकं आत आहे की इथं नुसतं ‘खारे’ म्हटलं तर लोक वारे धरत नाहीत, शेंगदाणे धरतात. अशा गावात, मोकळ्या प्लॉटवर, चौदा फुटी फायबरची होडी ट्रॉलीवर चढवून ठेवलेली आहे आणि पोटं सुटलेली पाच-सहा माणसं नारिंगी लाइफ जॅकेट घालून तिला प्रदक्षिणा घालताहेत, हे पाहून दूधवाला हमखास गाडी थांबवतो.

“पाणी कुठंय?” त्यानं एकदा विचारलं.

“पाणी नंतर,” वाळूजचे साहेब म्हणाले. “आधी सिस्टिम.”

वाळूजचे साहेब म्हणजे उभा जन्म वाळूज एमआयडीसीत क्वालिटी कंट्रोलमध्ये काढलेले गृहस्थ. त्यांच्या स्वयंपाकघरात एका बरणीवर ‘मीठ’ आणि शेजारच्या बरणीवर ‘मीठ नव्हे’ अशी चिठ्ठी आहे. दुसरे अण्णा, तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. जे रजिस्टरात नाही ते जगात नाही, ही त्यांची श्रद्धा. तिसरे आबा, पाटबंधारे खात्यातले. चौथे वकीलसाहेब, खंडपीठात जाणारे. पाचवे आमचे दाजी, ज्यांच्या डोक्यातून ही होडी निघाली. आणि सहावा मी. मी लेख लिहितो, म्हणजे माझं अक्षर चांगलं असणार, असा समज होऊन तपासणीचं रजिस्टर लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं. अक्षर पाहिल्यावर समज गेला, काम राहिलं.

होडी आली भिशीतून. भिशी फुटली की आमचं मंडळ दरवर्षी शेगावला नाहीतर महाबळेश्वरला जातं आणि परत आल्यावर पुढच्या वर्षी दुसरीकडे जायचं ठरवतं. त्या वर्षी दाजी उभे राहिले.

“अरे, पन्नास किलोमीटरवर नाथसागर आहे! साडेतीनशे चौरस किलोमीटर पाणी! हिवाळ्यात रोहित पक्षी येतात. आणि आपण काय करतो? धरणाचे दरवाजे उघडले की गाड्या काढून बघायला जातो, भजी खातो आणि परत येतो.”

हे खोटं नव्हतं. जायकवाडीला सत्तावीस दरवाजे आहेत आणि त्यांतले किती, किती फुटांनी उघडले, हा आमच्याकडे क्रिकेटच्या स्कोअरइतका जिव्हाळ्याचा विषय आहे. आबांना संधी मिळाली. धरणाबद्दल काहीही विचारा, आबा १९६५ पासून सुरू करतात. त्या वर्षी लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केली, १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी लोकार्पण केलं, बांध दहा किलोमीटरच्या घरात लांब आहे, आणि मुळात हे धरण बीड जिल्ह्यातल्या जायकवाडी गावी व्हायचं होतं. ते पैठणला आलं, नाव मात्र जायकवाडीच राहिलं.

“कागदावर चढलेलं नाव आहे,” अण्णा समाधानानं म्हणाले. “धरण हलेल, नाव नाही हलणार.”

घरी येऊन मी बायकोला होडीचा बेत सांगितला. तिनं शांतपणे विचारलं, “साडेतीनशे चौरस किलोमीटर पाणी आहे ना? मग त्यातल्या चार बादल्या आपल्या नळाला कधी येणार, तेवढं विचारून या.” हा विषय होडीच्या कक्षेबाहेरचा असल्यानं मंडळापुढे ठेवता आला नाही.

होडी कोकणातून आणली, जुनी. विकणाऱ्यानं तिथली पद्धत सांगितली : पहिल्या जूनपासून दोन महिने मासेमारी बंद, त्या दिवसांत होड्या वर ओढून घ्यायच्या, लाकडी असेल तर फळ्यांच्या फटींत तेला-राळेत मळलेला कापूस ठासायचा, रंगरंगोटी करायची आणि नारळी पौर्णिमेला नारळ देऊन पुन्हा पाण्यात. लाकडी होडीचं आणखी एक तंत्र असतं. बराच काळ कोरडी राहिली की तिच्या फळ्या आक्रसतात. पाण्यात घातल्यावर ती आधी गळते, मग फळ्या पाणी पिऊन फुगतात आणि फटी आपोआप बुजतात.

“पण ही फायबरची आहे,” तो म्हणाला. “हिला काही करावं लागत नाही.”

आमच्यासारख्या सहा रिकाम्या माणसांना हे ऐकवणं बरं नव्हतं. ज्या वस्तूला काही करावं लागत नाही, ती आम्ही घ्यायची कशाला? परतीच्या वाटेवरच टेम्पोत बसून दाजींनी होडीच्या कडेवर नख ओढलं आणि म्हणाले, “इथं रेघ आहे. लक्ष ठेवावं लागेल.” सगळ्यांना हायसं वाटलं.

टोलनाक्यावर खिडकीतल्या पोरानं विचारलं, “मागं काय?” “होडी,” ड्रायव्हर म्हणाला. “कुठं चालली?” “सिडकोत.” पोरानं खिडकीतून डोकं बाहेर काढून आधी होडीकडे, मग आमच्याकडे पाहिलं आणि मुकाट्यानं फाटक उघडलं. पुढे कायगाव टोक्याला, प्रवरा गोदावरीला मिळते तिथं, दाजी हट्ट धरून बसले की दोन मिनिटं पुलावर थांबू, होडीला नदी दाखवू. ड्रायव्हर म्हणाला, “पुलावर गाडी थांबत नसते.” तेव्हा आमच्या होडीनं गोदावरी ओलांडली ती टेम्पोत बसून, ताशी साठच्या वेगानं.

कॉलनीत पोचल्याबरोबर हरकती आल्या. मोकळ्या प्लॉटवर पोरं क्रिकेट खेळतात. या गावात होडीचं काय काम? वकीलसाहेबांनी कोटाची बटणं लावली. “या जिल्ह्यात होडीचं काय काम? महाशय, पैठण ही सातवाहनांची राजधानी. यज्ञश्री सातकर्णीच्या नाण्यावर दोन डोलकाठ्यांचं जहाज आहे! अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात तीन डोलकाठ्यांचं जहाज रंगवलंय! जहाज आमच्या रक्तात आहे.”

“ती नाणी सापडतात पूर्व किनाऱ्यावर,” आबा म्हणाले. आबांचं हे नेहमीचं. बाजू आपलीच असली तरी दुरुस्ती करायचीच.

अण्णांनीही कुठंतरी वाचलं होतं. “एका ग्रीक खलाशानं दोन हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय, पैठणचा माल भडोचला गाड्यांतून जायचा, वीस दिवसांची वाट. म्हणजे जहाजं नाण्यावर आणि माल बैलगाडीत. आपली होडी ट्रॉलीवर आहे, ते परंपरेला धरूनच आहे.”

हरकतवाले गप्प झाले. पण वकीलसाहेब रंगात आले होते. ते आम्हाला खरंच अजिंठ्याला घेऊन गेले. दुसऱ्या लेण्यात, पूर्णाच्या कथेत, ते जहाज आहे आणि त्याच्या मागच्या भागात ओळीनं घडे मांडलेले आहेत. आमच्या गावच्या माणसाला ते पाहून भरून येतं. चहूकडे समुद्र, आणि तरी पाणी भरून ठेवलंय! मग सतराव्या लेण्यात सिंहलाची गोष्ट. त्याचं जहाज फुटतं आणि व्यापारी राक्षसिणींच्या बेटाला लागतात. वाळूजचे साहेब त्या भिंतीसमोर बराच वेळ उभे राहिले. मग हळूच म्हणाले, “प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्स नव्हता.”

आता होडी पाण्यात घालायची तर परवानगी लागणार. नाथसागर १९८६ पासून पक्षी अभयारण्य, शिवाय नौकांचा कायदा वेगळा. वकीलसाहेबांनी १९१७ चा अंतर्देशीय जहाजांचा कायदा मिळवला, कलमांखाली लाल रेघा मारल्या आणि आम्हाला कित्येक संध्याकाळी समजावून सांगितला. सगळा समजल्यावर त्यांना कळलं की २०२१ मध्ये नवा कायदा येऊन तो रद्द झाला आहे. त्यांनी नवा मागवला. तोवर होडी नीट ठेवणं एवढंच आमच्या हातात होतं. इथून तपासणी सुरू झाली.

वाळूजच्या साहेबांनी तक्ता बनवला. तळाला तडे आहेत का? फायबरवर फोड आलेत का? वरचा भाग आणि तळ जिथं जोडलाय ती रेघ उकललीय का? मागच्या फळीत मोटार बसवायची भोकं बुजवलीत का? (मोटार आम्ही घेतली नव्हती, भोकं मात्र होडीबरोबर आली होती.) स्क्रू गंजलेत का? दोर, वल्ही, पाणी उपसायचा डबा? आणि शेवटून दुसऱ्या ओळीत : बूच जागेवर आहे का?

हे बूच म्हणजे होडीच्या तळाशी, मागच्या बाजूला असलेल्या भोकाचं. होडीत साचलेलं पाणी काढून टाकायला ते भोक ठेवलेलं असतं. त्याला रबरी वायसर असतो. ज्या दिवशी मी त्या वायसरवर खोबरेल तेल लावायचं की ग्रीस, याविषयीची दोन तासांची चर्चा रजिस्टरात उतरवून घरी आलो, त्या दिवशी बायको म्हणाली, “होडीच्या वायसरचं ठरलं का? मग स्वयंपाकघरातल्या नळाचा बदला. गुढीपाडव्यापासून गळतोय.” मी म्हणालो, “तो ओव्हरऑल मेंटेनन्समध्ये घेऊ.” हे शब्द साहेबांचे, माझ्या तोंडी त्यांचं तेज उतरलं नाही.

फायबर आतून कुजलंय का, ते ठोकून बघतात. हातोडीच्या दांड्यानं हळूच टक टक करायचं. ‘टण’ असा आवाज आला तर जागा ठीक. ‘भद’ आला तर आत पाणी शिरलेलं. तंत्र सोपं आहे, पण सहा माणसांना आवाज सहा ऐकू येतात. दाजी तरुणपणी भजनात तबला वाजवायचे. त्यांनी डोळे मिटून होडीवर एक तुकडा वाजवला आणि निकाल दिला, “डावीकडे उतरलाय.” आबा म्हणाले, मला तर चांगला येतोय. मतदान झालं. तीन विरुद्ध तीन. रजिस्टरात मी लिहिलं : ‘आवाज : संमिश्र.’

पूजेचा विषय निघाला. होडीच्या पुढच्या टोकाला हळद-कुंकू वाहिलं आणि दाजींनी नारळ हातात घेतला. कोकणात नारळ समुद्राला देतात. आमच्याकडे समुद्र नव्हता, म्हणून तो होडीवर फोडला. नारळ फुटला नाही. होडीच्या टोकावर मात्र चांदणीच्या आकाराच्या बारीक चिरा उमटल्या. वाळूजच्या साहेबांचा चेहरा उजळला. इतक्या रविवारांच्या तपासणीत त्यांना सापडलेला हा पहिला दोष. त्यांनी त्यावर लाल कार्ड चिकटवलं. नारळ मग दगडावर फोडून सगळ्यांनी खाल्ला, आणि तक्त्यात शेवटची ओळ वाढली : ‘चांदणी वाढतेय का?’

मधल्या काळात साहेबांनी कॉलनीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर माहिती टाकायला सुरुवात केली. अमेरिकेतल्या बोटींच्या विमेवाल्यांचा अनुभव असा की, पाण्यात चालताना बुडणाऱ्या बोटींपेक्षा धक्क्याला नुसत्या बांधून ठेवलेल्या बोटी जास्त बुडतात. कुणाचं लक्ष नसतं. कुठलं तरी फिटिंग हळूच गळतं. पावसाचं पाणी साचत जातं. वकीलसाहेबांनी लगेच उत्तर टाकलं : ‘आपली तर धक्क्यालाही बांधलेली नाही.’ याला चौदा अंगठे आले.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी गणित टाकलं. पाण्याच्या पातळीखाली फूटभर अंतरावर दोन इंचांचं भोक पडलं, तर होडीत मिनिटाला दोनशे लिटरच्या आसपास पाणी शिरतं. हेतू घाबरवण्याचा होता. ग्रुपवर उत्तरं आली ती अशी : ‘मोटार न लावता?’ ‘कुठल्या एरियात?’ ‘आमच्याकडे तर लाइन आली तरी करंगळीएवढी धार असते.’ एका वहिनींनी लिहिलं, ‘असं भोक आमच्या गच्चीवरच्या टाकीला पाडून मिळेल का?’

मग पाण्याची चाचणी. पाण्यात न उतरवता होडी गळते का, हे बघायचं असेल तर तिच्या आत थोडं पाणी भरायचं आणि बाहेरून कुठं थेंब येतो ते पाहायचं. थोडंच, कारण पाण्याला वजन असतं आणि ट्रॉलीला मर्यादा. तत्त्व सगळ्यांना पटलं. महिना मे होता. “पाणी कुणाचं?” यावर सभा अडली. टँकर मागवावा, असं दाजी म्हणाले, तेव्हा त्यांच्या घरातून ताईचा आवाज आला, आणि तो प्रस्ताव दाजींनीच मागे घेतला. शेवटी ठरलं, ज्या दिवशी नळाला पाणी येईल त्या दिवशी, सगळ्यांचं भरून झाल्यावर.

पाणी आलं रात्री दोनला. आमच्याकडे त्या रात्री झोपायचं नसतं. आधी जमिनीखालचा हौद, मग गच्चीवरची टाकी, मग पिंपं, मग हंडे-कळश्या, मग चहाची पातेली, मग लहान पोरांच्या पाण्याच्या बाटल्या. यानंतर होडी. वकीलसाहेब टॉर्च धरून, साहेब स्टॉपवॉच धरून, अण्णा छत्री धरून (का, ते त्यांनाच ठाऊक) उभे होते. दाजींनी आधी बूच घट्ट पिळून लावलं. ते ढिलं असेल म्हणून साहेबांनी पिळलं. शंका नको म्हणून आबांनी पक्कड आणून आणखी पिळलं. पहाटेपर्यंत आम्ही होडीच्या पोटाखाली उताणे पडून थेंबाची वाट पाहत होतो. आला नाही. होडी अव्वल निघाली.

“आता हे पाणी सोडून देऊ,” दाजी म्हणाले.

त्या वाक्यानं कॉलनीतल्या सगळ्या खिडक्या उघडल्या. सोडून देऊ? वहिन्या बादल्या घेऊन उतरल्या. होडीतल्या पाण्यात आधी गोधड्या धुतल्या, त्याच पाण्यानं मग गाड्या पुसल्या, आणि उरलेलं कुंड्यांना गेलं. अशा रीतीनं पाणी वरून उपसून संपलं, बूच उघडायची वेळ आलीच नाही. रजिस्टरात मी लिहिलं : ‘गळती : निरंक. बूच : जागेवर आहे.’ खाली सहा सह्या.

एवढं झाल्यावर जाणकाराचं मत घ्यावं म्हणून आम्ही पैठणला गेलो. रजिस्टर बरोबर होतं, मोबाइलमध्ये होडीचे फोटो होते. नाथसागराच्या काठी एक म्हातारे मासेमार जाळं उलगडत बसले होते. त्यांची होडी म्हणजे चप्पू, थर्माकोलचे ठोकळे पोत्यात घालून करकचून बांधलेले.

“हे गळत नाही का?” साहेबांनी विचारलं.

“गळाया आत काय असाया पाह्यजे ना, साहेब,” ते म्हणाले.

साहेब निरुत्तर झाले. आम्ही म्हातारबाबांना तक्ता दाखवला. त्यांनी तो उलटा धरून पाहिला, सुलटा धरून पाहिला आणि अण्णांच्या हातात परत दिला. मग आबांनी त्यांना खुशीत आणायला मातीच्या धरणाची गोष्ट काढली. मातीच्या बांधातून थोडा पाझर असतोच. तो रोज मोजायचा. एकाएकी वाढला किंवा गढूळ यायला लागला की धावायचं. म्हातारबाबांनी मान डोलावली. “तेच. रोज बगायचं, पर जे रोज व्हतं त्याला भ्यायाचं न्हाई.” मग आमच्या होडीचा फोटो पाहून म्हणाले, “होडी बरी दिसती. पान्यात घाला, म्हंजी तीच सांगंल कुठं दुखतंय. आन जिमिनीवर हाय तवर बूच काडून ठिवा. पान्यात घालताना तेवडं आठवणीनं लावा.”

नेमका त्याच वेळी पलीकडून पांढऱ्या पक्ष्यांचा थवा उठला. दाजी ओरडले, “रोहित!” वकीलसाहेब म्हणाले, “बगळे.” वाद सुरू झाला, फोटो काढून झाले, चहा आला. म्हातारबाबांचं शेवटचं वाक्य लिहून घ्यावं असं माझ्या मनात आलं होतं. पण तक्त्यात ‘आहे’ आणि ‘नाही’ असे दोनच रकाने, आणि त्यांनी सांगितलेलं ‘तवर’ दोन्हींत बसेना. परत येताना साहेब म्हणाले, “अनुभव आहे माणसाकडे. डॉक्युमेंटेशन नाही.”

जून आला. ऊन उतरलं, पण प्लॉटवरच्या कडुनिंबाची पानं होडीत पडतात म्हणून अण्णांच्या सूचनेवरून आम्ही ट्रॉली ढकलून त्यांच्या घराच्या भिंतीला लावली होती. होडीवरची ताडपत्री कॉलनीतल्या एका लग्नात मांडवाला गेली होती. मांडव उतरला, ताडपत्री आली नाही. पण तपासणीत खंड नव्हता. दर रविवारी चांदणी मोजली जाई, आवाज संमिश्र येई आणि दाजी खाली वाकून, बोटानं चाचपून खणखणीत आवाजात सांगत, “बूच जागेवर आहे!” त्या ओळीवर कधी वाद झाला नाही. तक्त्यातली तेवढी एकच ओळ एकमतानं पास होत असे.

आमच्याकडे वर्षाचा पाऊस सातशे मिलिमीटरच्या आसपास. तो नीट वाटून पडला तर कुणाचं काही बिघडत नाही. त्या रात्री वाटपाचा विचार न करता पडला. आणि पहाटे धडाम असा आवाज झाला.

टॉर्च घेऊन आम्ही धावलो. ट्रॉलीचा एक टायर फुटला होता, दुसरा बसला होता, मधला दांडा वाकला होता आणि होडी जमिनीला टेकली होती. अण्णांच्या गच्चीचा पावसाळी पाइप नेमका होडीच्या वर उघडत होता. अख्ख्या गच्चीचं पाणी रात्रभर तीत पडलं होतं आणि आता ती काठोकाठ भरून सगळ्या बाजूंनी वाहत होती. वल्ही आत तरंगत होती. लाइफ जॅकेट तरंगत होती. म्हणजे ती तपासणीत उत्तीर्ण झाली. पाणी उपसायचा डबा तेवढा बुडाला होता.

समुद्रात जहाजं बुडतात, नदीत होड्या बुडतात. सिडकोत, डांबरी रस्त्यापासून दहा पावलांवर, ट्रॉलीवर उभी असलेली होडी बुडवण्याचा मान आमच्या भिशीचा.

अण्णांनी जागेवरच पंचनामा सुरू केला. “होडी कुठं आहे? जागेवर. बूच?” दाजी गुडघाभर चिखलात वाकले, हात घालून चाचपलं आणि सवयीनं ओरडले, “बूच जागेवर आहे!” मग त्यांचा आवाज पुढं सरकेना.

“गळती?”

“थेंबभर नाही,” साहेब म्हणाले. त्यांच्या स्वरातला अभिमान त्यांना लपवता आला नाही. “एक थेंब बाहेर गेला नाही. वरून गेला तेवढाच.”

वाळूजच्या पद्धतीप्रमाणे साहेबांनी मुळापर्यंत जायचं ठरवलं. पाच वेळा ‘का’ विचारायचं, की खरं कारण सापडतं. ट्रॉली का बसली? वजनानं. वजन का? पाण्यानं, चौदाशे लिटर तरी असेल, म्हणजे जवळपास दीड टन. पाणी का साठलं? निघून गेलं नाही म्हणून. निघून का गेलं नाही? बूच होतं म्हणून. बूच का होतं? पाचव्या ‘का’च्या वेळी ताईनं चहा आणला, आणि चहा गार होईल म्हणून तो ‘का’ पुढच्या रविवारवर गेला.

तोवर उजाडलं होतं. होडी उपसायला माणसं बोलवावी का, यावर चर्चा सुरू होतेय तोच वहिन्या बादल्या घेऊन उतरल्या. पावसाचं स्वच्छ पाणी, तेही दारात, तेही दिवसाउजेडी! रांग लागली. सगळ्यांत पुढे आमची बायको. होडीवर पहिल्यापासून टीका करणारी ही बाई दोन हंडे भरून घेताना म्हणाली, “चांगली घेतलीत हो. मापाची आहे.”

दुपारी ट्रॉली न्यायला गॅरेजवाले चाचा आले. त्यांनी वाकलेला दांडा पाहिला, होडीच्या पोटावर दोन थापा मारल्या, आत डोकावून पाहिलं आणि विचारलं, “कित्ता पानी आता इसमें?”

“चौदाशे लिटर,” साहेबांनी ताबडतोब सांगितलं.

“और टपकता?”

“बिलकुल नाही!”

चाचांनी हात पुसले. “तो फिर नाव कायकू बोलते मियाँ? ऊपर ढक्कन लगाव, नीचे तोटी लगाव, टंकी बोलो.”

सगळे गप्प झाले. दाजी होडीकडे बघत होते, वकीलसाहेबांच्या हातात नवा कायदा होता, आबा मनातल्या मनात पुरवठ्याचा हिशेब करत होते. मग साहेबांनी खिशातून पेन काढलं.

“ठीक आहे. पण तोटी आली म्हणजे वायसर आला. तो दर रविवारी कोण चेक करणार?”

अण्णांनी रजिस्टर उघडून पट्टीनं नवा रकाना आखायला घेतला. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून आवाज आला, “सुरुवात इथल्यापासून करा!”